मनगटाचा स्प्लिंट: बोटं बधिर होत असतील तर कोणी घ्यावा, कोणी नाही

रात्री मुंग्यांनी झोप मोडते, हात झटकला की बरं वाटतं, आणि बधिरपणा अंगठा, तर्जनी, मधलं बोट व अनामिकेच्या अंगठ्याकडच्या अर्ध्या भागात असतो. अशा तक्रारीवर मेडिकलमध्ये मिळणारा धातूच्या पट्टीचा स्प्लिंट खरोखर उपयोगी आहे. मनगटातल्या अरुंद बोगद्यात मीडियन नस दाबली जाते, या त्रासालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. झोपेत मनगट दुमडलं की दाब वाढतो. स्प्लिंट ते दुमडू देत नाही.

दोष आहे तो पट्टीत. बऱ्याच तयार स्प्लिंटमध्ये तळव्याकडची ॲल्युमिनियमची पट्टी २०-३० अंश मागे वाकवलेली येते. या नसेवर मनगट सरळ असताना दाब सर्वांत कमी असतो, मागे वाकवलं तरी तो वाढतोच. म्हणून पट्टी स्प्लिंटच्या खिशातून काढा, टेबलाच्या काठावर दाबून जवळपास सपाट करा आणि परत घाला. दुकानदार हे क्वचितच सांगतो, आणि मग 'स्प्लिंटने फरक पडला नाही' असं लोक म्हणतात.

माप मनगटाच्या घेराचं घ्या, सें.मी.मध्ये. पुढची कड तळहातावरच्या आडव्या रेषेच्या अलीकडे संपली पाहिजे, मूठ वळली पाहिजे. पट्ट्याखाली एक बोट सहज जावं. करकचून आवळला तर नसेवरचा दाब उलट वाढतो. किमान ६ आठवडे रोज रात्री लावा. अंगठ्यात अडकवायचा नुसता इलॅस्टिकचा पट्टा यासाठी घेऊ नका, तो मनगट धरून ठेवत नाही.

करंगळी बधिर असेल तर पैसे वाचवा. तिथे बहुधा कोपरातली अल्नर नस दाबलेली असते. रात्री कोपर फार दुमडू नये म्हणून त्याभोवती टॉवेल गुंडाळणं जास्त कामाचं. मान वळवल्यावर मुंग्या दंडातून बोटांत उतरत असतील तर मानेचा मणका तपासा. पायही बधिर असतील तर साखर आणि बी-१२ तपासून घ्या. त्वचेवर फिकट, स्पर्श न कळणारा चट्टा असेल तर सरकारी आरोग्य केंद्र गाठा, कुष्ठरोगाचे उपचार तिथे मोफत आहेत.

बधिरपणा अचानक आला आणि तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर ताबडतोब रुग्णालय. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग खोलगट झाला असेल, तर ६ आठवडे वाट पाहू नका: नसांची तपासणी करून हाताच्या सर्जनला दाखवा.