गोरिलाचे फोटो काढायचेत: रवांडा की युगांडा?

माउंटन गोरिला जगात दोनच ठिकाणी उरलेत: रवांडा, युगांडा आणि काँगोच्या सीमेवरची विरुंगाची ज्वालामुखी रांग आणि युगांडातलं ब्विंडीचं जंगल. 2019 साली जाहीर झालेली गणना 1,063 ची. काँगोच्या बाजूला अशांतता आहे, ती वगळू. राहिले रवांडा आणि युगांडा.

गोरिला पाहायचं एका दिवसाचं परमिट रवांडात 1500 डॉलर. 2017 मध्ये एका फटक्यात 750 वरून दुप्पट केलं. युगांडात 800. दोन्हीकडे मिळतो तो एकच तास, आणि गोरिलांच्या एका कुटुंबामागे दिवसाला आठच पर्यटक. चालण्याचा वेळ त्यात धरत नाहीत, हे नशीब.

उजेडाच्या बाबतीत रवांडा सरस. तिथल्या व्होल्कॅनोज पार्कात बांबू, मग विरळ झाडी, मधूनमधून मोकळी जागा. आभाळ भरलेलं असलं की काळ्या केसांवर मऊ उजेड पसरतो, बट न् बट दिसते. ब्विंडीत भर दुपारीही आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) 3200 च्या वर जातो आणि ऊन पडलंच तर कवडसे नेमके गोरिलाच्या तोंडावर. तरी मला ब्विंडीचेच फोटो जास्त आवडतात. वेलींच्या गचपणातून अर्धाच चेहरा दिसतो, आणि जंगलात तो खरोखर दिसतो तसाच.

लेन्सचा हिशेब दोन्हीकडे सारखा. ताडोब्यात जिप्सीतून 150-600 ची लांब लेन्स लावायची सवय इथे सोडा. 10 मीटरवरच्या सिल्व्हरबॅकचा (पाठ रुपेरी झालेल्या प्रौढ नराचा) 600 ला चेहराच मावेल. (ट्रॅकर नाकावरच्या वळ्यांवरून गोरिला ओळखतात, तेव्हा त्यांना तरी तो फोटो उपयोगी!) 70-200 एफ 2.8 पुरते. काळ्या अंगामुळे कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं, केस राखाडी येतात. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली आणा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). डोळे भुवईच्या हाडाखाली खोल असतात, त्यामुळे खाली मान घालून खाणाऱ्याचे फोटो काढत बसू नका. वरची फांदी ओढायला तो मान वर करतो, तेव्हा डोळ्यात उजेड शिरतो. बोट तेव्हा दाबा. फ्लॅश कुठेच चालत नाही.

किगालीहून रवांडाचं पार्क दोन-अडीच तासांवर. एंटेबेहून ब्विंडी म्हणजे अख्खा दिवस गाडीत. पण किगालीला उतरून सीमा ओलांडली की ब्विंडीचा दक्षिणेकडचा रुशागा भाग अर्ध्या दिवसात गाठता येतो, आणि पूर्व आफ्रिकेचा 100 डॉलरचा सामाईक व्हिसा दोन्ही देशांत चालतो.

गुडघे कुरकुरत असतील किंवा रजा तुटपुंजी असेल तर रवांडा घ्या. सकाळी गट वाटताना जवळचं कुटुंब मागता येतं. नाहीतर माझं मत सरळ आहे: रवांडाच्या एका परमिटऐवजी आणखी 100 डॉलर घालून युगांडाची दोन. पहिला तास बावचळण्यातच जातो, निम्मा वेळ पुढच्याची पाठ आणि पाऊस. फोटो दुसऱ्या दिवशी मिळतात. रुशागात चार तासांचा हॅबिच्युएशनचाही, म्हणजे गोरिलांना माणसाची सवय लावणाऱ्या पथकासोबत जायचा, पर्याय आहे, पण दर दुपटीहून जास्त आणि तिथली कुटुंबं माणसाला पुरती सरावलेली नसतात, सारखी पुढे सरकतात. फोटोसाठी मी तो घेणार नाही.

जून ते सप्टेंबरच्या कोरड्या दिवसांत जायचं तर विमानाच्या तिकिटाआधी परमिट पक्कं करा. आणि प्रवासात सर्दी सांभाळा. माणसाचे आजार गोरिलांना लागतात, म्हणून शिंकणाऱ्याला दोन्ही देशांत जंगलात सोडत नाहीत.