वॉरलॉक नवव्या लेव्हलपर्यंत खेळल्यावर: सगळं शॉर्ट रेस्टवर अडतं

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिका-खेळात मागच्या रविवारी तळघराच्या तिसऱ्या खोलीत माझ्या वॉरलॉकचे दोन्ही स्लॉट (मंत्र टाकायच्या मोजक्या संधी) संपले होते आणि शॉर्ट रेस्टसाठी, म्हणजे ते परत देणाऱ्या छोट्या विश्रांतीसाठी, टेबलावर कुणीच तासभर थांबायला तयार नव्हतं. "दार उघडलंय, चला आत," पॅलाडिनवाला म्हणाला. विझार्डकडे निम्म्याहून जास्त स्लॉट शिल्लक. पुढची पूर्ण लढाई मी एल्ड्रिच ब्लास्ट या बिनस्लॉटच्या मंत्रावर काढली. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत कोणता क्लास (पात्राचा प्रकार) भारी, हा वाद आमच्याकडे कित्येक महिने चालू आहे. मी २०१४ च्या नियमांनी फीन्ड पेट्रनचा (म्हणजे सैतानी शक्तीशी करार केलेला) वॉरलॉक पहिल्यापासून नवव्या लेव्हलपर्यंत आणलाय, सोबत विझार्ड, पॅलाडिन आणि फायटर. त्यामुळे आता ठामपणे लिहिते.

सुरुवातीला वॉरलॉकने खूश केलं. दुसऱ्या लेव्हलला अ‍ॅगोनाइझिंग ब्लास्ट ही क्षमता घेतली की एल्ड्रिच ब्लास्टच्या प्रत्येक किरणाच्या डॅमेजमध्ये करिश्मा या गुणाचा बोनस मिळवता येतो. पाचव्या लेव्हलला किरण दोन. करिश्मा १८ असेल तर प्रत्येकी १डी१०+४ (दहा बाजूंचा एक फासा अधिक चार), दोन्ही लागले तर सरासरी १९. त्याच लेव्हलला विझार्डची फायर बोल्ट २डी१०, सरासरी ११. फायटर ग्रेटस्वोर्डने दोनदा मारून २२ पर्यंत जातो, पण त्याला शत्रूच्या अंगावर जावं लागतं. मी १२० फुटांवरून मारते आणि खर्च शून्य.

हेक्स या शापाच्या मंत्राचा आनंद तर वेगळाच. तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटने (ही स्लॉटची ताकद, पात्राची लेव्हल नव्हे) टाकला की कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे मंत्रावरचं लक्ष, टिकल्यास आठ तास चालतो. सकाळी टाकायचा, तासभर शॉर्ट रेस्ट घ्यायची, स्लॉट परत येतो आणि हेक्स अजून सात तास शिल्लक राहतो. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी क्लासच्या प्रेमात पडले.

पण त्यासाठी शॉर्ट रेस्ट मिळायला हवी ना! विझार्डचा पगार लाँग रेस्टनंतर, म्हणजे रात्रीच्या पूर्ण विश्रांतीनंतर, सकाळी एकरकमी होतो, वॉरलॉकचा हप्त्याहप्त्याने, आणि आमच्या टेबलावर दुसरा हप्ता येतच नव्हता. फायरबॉल या आगीच्या मंत्राचाच हिशेब घ्या, कारण तो फीन्डच्या यादीतही आहे. पाचव्या लेव्हलला विश्रांती नसेल तर माझे दोन फायरबॉल, विझार्डचेही दोन. शिवाय त्याच्याकडे पहिल्या लेव्हलचे चार आणि दुसऱ्याचे तीन स्लॉट उरतात, माझ्याकडे काहीच नाही. दिवसात एक शॉर्ट रेस्ट मिळाली तर माझे चार, आर्केन रिकव्हरी (शॉर्ट रेस्टमध्ये काही स्लॉट परत देणारी त्याची क्षमता) धरून त्याचे तीन. दोन मिळाल्या तर माझे सहा, त्याचे तीनच. क्लास तोच, लेव्हल तीच, आणि डीएमने (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने) घड्याळ कसं चालवलं त्यावर मी त्याच्या पुढे किंवा फार मागे.

२०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढाया आणि मध्ये साधारण दोन शॉर्ट रेस्ट असं गृहीत धरलंय. तीन तासांच्या बैठकीत आमच्या दोन लढाया झाल्या तरी खूप. मग पॅलाडिन एकाच लढाईत सगळे स्लॉट स्माइटवर (वाराला जोडलेल्या जादा डॅमेजवर) ओततो: पहिल्या लेव्हलचा स्लॉट २डी८, क्रिटिकल लागला की फासे दुप्पट. पॅलाडिन सगळ्यात भारी असं सगळे म्हणतात ते अशाच टेबलांवर बसून म्हणतात, असं माझं मत आहे.

मी भांडून दोन उपाय करून घेतले. त्याच गाइडमधला एक पर्याय म्हणजे शॉर्ट रेस्ट आठ तासांची, लाँग रेस्ट सात दिवसांची. स्लॉटचं गणित जुळलं, पण विझार्डचं मेज आर्मर (संरक्षणाचा मंत्र) आठ तासांत संपतं, त्यामुळे तो बिचारा त्यातच स्लॉट घालवू लागला. माझी हेक्सची युक्तीही गेली, कारण रात्र उलटेपर्यंत हेक्स उतरलेला. तो नियम आम्ही लवकरच सोडला.

दुसरा उपाय टिकला: शॉर्ट रेस्ट पाच मिनिटांची, दिवसाला दोनच. मर्यादा हवीच, नाहीतर सॉर्सररशी मल्टीक्लास करून (एकाच पात्रात दोन क्लास मिसळून) स्लॉट साठवण्याची पळवाट उघडते.

आणि इथे माझं मत बदललं. मला वाटायचं अन्याय वॉरलॉकवरच होतो. पण पाच मिनिटांच्या विश्रांतीने सगळ्यात जास्त बदलला तो फायटर. त्याचे अ‍ॅक्शन सर्ज (एक जादा कृती) आणि सेकंड विंड (स्वतःला सावरणं) दोन्ही शॉर्ट रेस्टवर परत येतात, आणि इतके महिने ते दिवसातून एकदाच वापरले गेले होते. त्याच्या हातात तलवार कायम असते, म्हणून त्याची ओढाताण कुणाला दिसलीच नाही. तो स्वतःही कधी बोलला नाही. आता तिसऱ्या लढाईतही तो एका फेरीत चार वार करतो. मंक खेळणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं: पाचव्या लेव्हलला 'की' नावाचे शक्तीचे पॉइंट पाच, आणि दर फेरीला एक पॉइंट घालवून फ्लरी (जादा ठोसे) केली तर पाच फेऱ्यांत खलास.

मागच्या रविवारी एक पाहुणा डीएम होता, त्याने जुना तासाचा नियम लावला, आणि म्हणून ही सगळी चिडचिड.

२०२४ च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये दुरुस्ती केलीय, पण अर्धवट. मॅजिकल कनिंगने एका मिनिटाच्या विधीत निम्मे स्लॉट परत मिळतात, तेही लाँग रेस्टमागे एकदाच. दहाव्या लेव्हलपर्यंत याचा अर्थ एक स्लॉट. मंकला त्यांनी याहून बरं दिलंय: अनकॅनी मेटाबॉलिझमने दिवसातून एकदा लढाई सुरू होताना सगळे पॉइंट परत येतात. वॉरलॉकलाही तसंच देता आलं असतं. पॅलाडिनच्या स्माइटला बोनस अ‍ॅक्शन (छोटी जादा कृती) लावली हे मात्र उत्तम केलं, आता एका वळणाला एकच.

एवढ्यासाठी नवं पुस्तक मी घेतलेलं नाही. ५.२ ची एसआरडी (मूळ नियमांचा अधिकृत दस्तऐवज) क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट मिळते आणि तिच्यात नव्या नियमांचा वॉरलॉक आहे. पेट्रन एकच, पण तो फीन्डच, म्हणजे माझं काम भागतं. वॉरलॉक घ्यायचा विचार असेल तर पहिल्या बैठकीआधी डीएमला एवढंच विचारा: खेळातल्या एका दिवसात लढाया किती, आणि मध्ये थांबू देणार का? उत्तर "एक-दोन" आलं तर विझार्ड घ्या.