विंडोज ११ वर ऑफिस २०१० : फौंड्रीच्या कार्यालयातील काही महिन्यांचा अनुभव

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्याआधीच, दसऱ्याच्या सुट्टीत, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील आमच्या फौंड्रीच्या कार्यालयात आम्ही विंडोज ११ घेतले. मात्र कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव भागांच्या, कोटेशनपासून डिलिव्हरी चलनापर्यंतचे सगळे काम ज्या ऑफिस २०१० वर चालते, ते तसेच ठेवले. आता काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की वर्ड, एक्सेल आणि ॲक्सेस स्वतः विंडोज ११ वर व्यवस्थित चालतात. अडचण येते ती त्यांच्या भोवतीच्या सांध्यांत, म्हणजे फॉन्ट, प्रिंटर, सामायिक फोल्डर आणि डेटाबेसची जोडणी यांत. ऑफिस २०१० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारी अद्यतने, १३ ऑक्टोबर २०२० रोजीच संपलेला आहे आणि विंडोज ११ वर ते अधिकृतपणे मान्य नाही, हे लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे.

नवे ऑफिस का घेतले नाही, याचे कारण पैशांपेक्षा एका फाइलीत आहे. बिडाच्या कास्टिंगचे अंदाजपत्रक काढण्याची आमची एक्सेल फाइल वर्षानुवर्षे वाढत गेलेली आहे. ड्रॉइंगवरून आकारमान, बिडाची घनता सुमारे ७.२ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर धरून वजन, साच्यातील रनर-रायझर या वाटांमध्ये जाणारा आणि परत भट्टीत येणारा माल, वितळवण्यातील घट, मशिनिंगसाठी सोडायची जाडी, हे सगळे तीत मॅक्रोंच्या, म्हणजे एक्सेलमध्येच लिहिलेल्या छोट्या आज्ञावलींच्या, आधारे चालते. हे मॅक्रो विंडोजच्या अंतर्गत फंक्शन्सना थेट हाक मारतात आणि ती हाक ३२ बिटच्या, म्हणजे जुन्या पिढीच्या सॉफ्टवेअरच्या, पद्धतीने लिहिलेली आहे. आजचे नवे ऑफिस सहसा ६४ बिटचे बसते आणि अशा मॅक्रोंवर ते पहिल्याच ओळीला अडते. उद्यमनगरात, शिरोलीत आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतीत अशा जुन्या फाइलींवर चालणारी कार्यालये पुष्कळ असणार, म्हणूनच हा अनुभव तपशीलवार लिहीत आहे.

विंडोज १० वरून थेट ११ वर जाणे सोपे झाले. ऑफिस जागेवर राहिले, त्याची नोंदणीही टिकली. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते, त्यामुळे ज्यांचे विंडोज १० हे ३२ बिटचे आहे त्यांना सगळे नव्याने बसवावे लागेल. आमच्याकडे तो प्रश्न नव्हता. ३२ बिटचे ऑफिस ६४ बिटच्या विंडोजवर विनातक्रार चालते, परंतु डॉसच्या काळातले १६ बिटचे कार्यक्रम विंडोज ११ वर अजिबात चालत नाहीत. एक नवा संगणकही घेतला. त्यावर ऑफिस २०१० च्या डिस्कमधील ३२ बिटची आवृत्ती बसवली. दुकानातून स्वतंत्र घेतलेला परवाना एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर नेता येतो, पण संगणकासोबत आलेला परवाना त्याच यंत्राला बांधलेला असतो, हे नवे यंत्र घेण्याआधी तपासून घ्यावे.

खरे काम या नव्या यंत्रावरच निघाले. ऑर्डरींचे रजिस्टर ॲक्सेसच्या जुन्या एमडीबी फाइलीत आहे आणि एक्सेल त्यातून ओडीबीसीच्या, म्हणजे एका कार्यक्रमाला दुसऱ्या डेटाबेसमधून माहिती घेऊ देणाऱ्या, जोडणीने माहिती घेते. विंडोजमध्ये ओडीबीसीची व्यवस्था पाहणारे दोन वेगळे कार्यक्रम आहेत, एक ३२ बिटचा आणि एक ६४ बिटचा, आणि ३२ बिटच्या ऑफिसला फक्त पहिल्यात केलेली जोडणी वापरता येते. दोन्हींच्या फाइलींचे नाव एकच आहे. त्यातही ६४ बिटचा कार्यक्रम सिस्टीम३२ नावाच्या फोल्डरमध्ये असतो आणि ३२ बिटचा सिसवाउ६४ नावाच्या, त्यामुळे फोल्डरच्या नावावर विसंबणे धोक्याचे आहे. ड्रायव्हर आणि कार्यक्रम यांचा मेळ नाही असा संदेश आला, की ऑफिस पुन्हा बसवण्याच्या खटाटोपात न पडता आधी हीच जागा पाहावी.

ते रजिस्टर एका जुन्या संगणकावरील सामायिक फोल्डरमध्ये आहे आणि पूर्वी तो फोल्डर पासवर्डशिवाय उघडत असे. विंडोज ११ प्रो च्या २४एच२ आवृत्तीत पाहुणा म्हणून होणारा असा प्रवेश मुळातच बंद आहे आणि नेटवर्कवरील सामायिक फोल्डरच्या प्रत्येक जोडणीला डिजिटल स्वाक्षरीची अट आहे. इंटरनेटवर ही अट काढून टाकण्याचे सल्ले सहज मिळतात. मी ते मानले नाहीत. जुन्या संगणकावर पासवर्ड असलेले स्वतंत्र खाते तयार केले आणि नव्या यंत्राला त्या खात्याने जोडले. तेवढ्याने काम भागले आणि कारखान्याचा हिशेब पूर्वीपेक्षा सुरक्षित झाला. याच्याच शेजारची एक गोष्ट म्हणजे, विंडोज ११ बसवताना डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हमध्ये हलवले जाऊ शकते आणि मग पूर्ण पत्ता लिहिलेले मॅक्रो व फाइलींमधील दुवे तुटतात. कामाच्या सगळ्या फाइली डी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवणे हा यावरचा साधा उपाय आहे.

प्रिंटरबाबत थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. जीएसटीच्या नियमाप्रमाणे डिलिव्हरी चलनाच्या तीन प्रती लागतात, माल घेणाऱ्याची, वाहतूकदाराची आणि पाठवणाऱ्याची, आणि कार्बनच्या सलग कागदावर त्या एकदम काढण्यासाठी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच सोयीचा पडतो. विंडोज ११ मध्ये सलग कागदाचा आकार प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये नवा फॉर्म म्हणून नोंदवावा लागतो. तो नोंदवला नाही तर प्रत्येक चलनानंतर कागद पुढे सरकत जातो आणि तिसऱ्या-चौथ्या चलनाला मजकूर फाटणीच्या रेषेवर येतो. त्याचप्रमाणे शेवटी वापरलेला प्रिंटर विंडोजने आपोआप मुख्य मानण्याची सोय बंद करावी. एक्सेल पानांची विभागणी मुख्य प्रिंटरच्या मापांवरून ठरवते, त्यामुळे कोणी लेझर प्रिंटरवर एखादे पत्र छापले, की पुढच्या चलनाची चौकट बदलते. ही सोय बंद केल्यापासून चलनाची मांडणी एकदाही हललेली नाही.

मराठी पत्रांचा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. कामगारांच्या सूचना, सुट्ट्यांच्या याद्या, शासकीय कार्यालयांना दिलेली पत्रे हे सगळे आमच्याकडे मराठीत होते आणि होत राहिले पाहिजे. युनिकोडमधील, म्हणजे सर्वत्र चालणाऱ्या प्रमाणित संकेतनातील, पत्रे मंगल फॉन्टमध्ये होती. विंडोज ११ मध्ये हा फॉन्ट सुरुवातीपासून असेलच असे नाही, तो ऑप्शनल फीचर्समधील देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्समधून घ्यावा लागतो. तो नसेल तर वर्ड दुसरा फॉन्ट लावते, ओळी सरकतात आणि सही दुसऱ्या पानावर जाते. युनिकोडपूर्व फॉन्टमधील पत्रांची स्थिती अधिक नाजूक आहे, कारण त्यांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात आणि फॉन्ट सापडला नाही की पान निरर्थक रोमन अक्षरांनी भरते. हे फॉन्ट बसवताना फाइलीवर उजवी क्लिक करून ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ हाच पर्याय निवडावा. साध्या पर्यायाने फॉन्ट फक्त त्या वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये जातो आणि काही जुन्या कार्यक्रमांना तो दिसत नाही.

मराठी टंकलेखनाचे आमचे जुने सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे संगणकाला जोडायच्या परवाना-किल्लीवर, चालते आणि डोंगलचा जुना ड्रायव्हर विंडोज ११ च्या मेमरी इंटिग्रिटी या संरक्षणाशी जुळत नाही. ते संरक्षण बंद करणे मला योग्य वाटले नाही. ज्या एका संगणकाचा प्रोसेसर सातव्या पिढीचा असल्यामुळे विंडोज ११ च्या यादीत बसत नव्हता, त्यावर हे सॉफ्टवेअर ठेवले, तो नेटवर्कपासून तोडला आणि त्यावरील पत्रे एकेक करून युनिकोडमध्ये आणणे सुरू केले. दरवर्षी लागणारी पत्रे आधी घेतली आहेत.

ईमेलसाठी आउटलुक २०१० वापरणे आम्ही सोडले. जीमेलने साध्या नाव-पासवर्डचा प्रवेश वैयक्तिक खात्यांसाठी मे २०२२ मध्ये बंद केला. स्वतंत्र ॲप पासवर्डने मार्ग निघतो, पण ब्राउझर पुरेसा आहे.

सुरक्षेबाबत मात्र मी तडजोड करणार नाही. समीकरणे लिहिण्याच्या जुन्या इक्वेशन एडिटरमधील गंभीर त्रुटी २०१७ मध्ये उघड झाली आणि जानेवारी २०१८ च्या अद्यतनाने तो एडिटरच काढून टाकण्यात आला. डिस्कवरून नव्याने बसवलेल्या ऑफिस २०१० मध्ये, अद्यतने घेतल्याशिवाय, ही दुरुस्ती नसते. २०२० नंतर सापडलेल्या त्रुटींवर तर उपायच येणार नाही. म्हणून बाहेरून आलेली कोणतीही वर्ड किंवा एक्सेल फाइल आमच्याकडे लिबरऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्येच उघडली जाते, आणि ऑफिस २०१० फक्त आमच्या स्वतःच्या फाइलींसाठी आहे. ज्या कार्यालयाला ही शिस्त पाळता येणार नाही, रोज अनोळखी फाइली उघडाव्या लागतात, त्यांनी जुने ऑफिस ठेवू नये.

अंदाजपत्रकाच्या फाइलीवरही काम सुरू आहे. ऑफिस २०१० मध्ये व्हीबीए ७ ही मॅक्रोंची भाषा असल्यामुळे ६४ बिटसाठी लागणारा पीटीआरसेफ हा शब्द त्याच्या ३२ बिटच्या आवृत्तीलाही समजतो. म्हणजे दुरुस्त केलेले मॅक्रो आजच्या आणि उद्याच्या, दोन्ही ऑफिसवर चालू शकतात. जुनी ड्रॉइंग्ज घेऊन दोन्हीकडे वजन आणि दर काढायचे व आकडा न् आकडा जुळवायचा, असे ठरले आहे. आतापर्यंत वजनाचा भाग जुळला आहे. वितळवण्यातील घट आणि मशिनिंगच्या दरांचे मॅक्रो तपासून झाले, की नव्या ऑफिसची एक प्रत प्रथम कोटेशनच्या टेबलावर बसेल.