दुबईचं विमान मुंबईहून धरावं की हैदराबादहून?

लेक किंवा जावई दुबईत नोकरीला असले की एकदा तरी आई-वडिलांचं तिकडं जाणं निघतंच. तिकीट काढताना बहुतेक घरांत डोळे झाकून मुंबई ठरते. मराठवाड्यातल्या निम्म्या भागासाठी ते चुकीचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

विमानाचा हिशेब केला तर मुंबईच जवळ. मुंबई ते दुबई साधारण 1930 किलोमीटर, उड्डाण तीन-सव्वातीन तासांचं. हैदराबादहून अंतर 2550 किलोमीटरच्या आसपास, वेळ पावणेचार ते चार तास. म्हणजे फरक तासाभराचा. पण घरापासून विमानतळापर्यंतचे तास कुणी धरतच नाही.

नांदेडचंच बघा. मुंबई रेल्वेने सहाशे किलोमीटर. देवगिरी एक्स्प्रेसमध्ये रात्र काढायची, सकाळी दादरच्या गर्दीत बॅगा उतरवायच्या, मग टॅक्सीने सहारचं टर्मिनल गाठायचं. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोहोचावं लागतं, त्यात गाडी लेट झाली तर जीव टांगणीला. याउलट हैदराबाद देगलूर-संगारेड्डीमार्गे पावणेतीनशे किलोमीटर, पाच-साडेपाच तासांचा रस्ता. शमशाबादचा विमानतळ शहराबाहेर आहे. पटानचेरूजवळ आउटर रिंग रोडला लागलं की शहरात शिरावंच लागत नाही. दारात डिकीत ठेवलेली बॅग थेट विमानतळावरच उतरते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला विमानात तासभर जास्त बसणं परवडतं, दादरचा जिना परवडत नाही. देगलूर, उदगीर, उमरगा इकडच्यांनी तर दुसरा विचारच करू नये.

लातूरकरांना मुंबईची रात्रीची थेट रेल्वे आहे, त्यामुळे तिथं दोन्ही बाजू जवळपास सारख्या. तिकीट ज्या बाजूला स्वस्त, तिकडून जावं.

छत्रपती संभाजीनगर आणि जालन्यासाठी मात्र मुंबईच. समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला, तेव्हापासून रस्त्याचा त्रास बराच कमी झालाय. आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी आहे, तिच्यासाठी दोन तास हाताशी ठेवा.

बँकॉकला जायचं असेल तर गणित उलटं होतं. हैदराबादहून सुमारे 2400 किलोमीटर, मुंबईहून 3000. नांदेडकरांना तेव्हा जमिनीवरही फायदा आणि हवेतही.

कुठूनही जा, बॅग भरताना एक गोष्ट सांभाळा. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे आणि कायदा कडक आहे. डिंकाच्या लाडवात किंवा घरच्या काळ्या मसाल्यात ती पडलेली असते, आणि आईच्या ते ध्यानातही येत नाही. लाडू न्यायचेच असतील तर खसखस न घालता वेगळे वळा.

परतीच्या तिकिटाचा विचार वेगळा करा. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं. तिथून रात्री दहाला सुटलेलं विमान मुंबईत अडीचच्या सुमारास उतरतं, हैदराबादला सव्वातीनच्या पुढं. एवढ्या रात्री म्हाताऱ्या माणसांना घेऊन लगेच रस्त्याला लागणं धोक्याचं. ड्रायव्हरही जागलेला असतो. दुपारी उतरणारं विमान थोडं महाग पडलं तरी तेच घ्या, किंवा उजाडेपर्यंत विमानतळावरच थांबा.