५९९ चा काउंट आणि १८० चं बाइंडिंग

पुस्तक दोनशेव्या पानाच्या आसपास सुटलं. गमच गेला, आणि एक गठ्ठा सांगली-मिरज बसमध्ये माझ्या मांडीवर आला. त्या पानावर नायक, कैदी एडमंड दांतेस, मेलेल्या सहकैदी फारियाच्या जागी कफनाच्या पोत्यात शिरलाय आणि पहारेकरी पायाला छत्तीस पौंडांचा गोळा बांधून त्याला समुद्रात भिरकावतायत. पुढचं पान सीटखाली. ते मी वाकून काढेपर्यंत विश्रामबाग गेलं.

'द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो', अलेक्झांडर द्यूमाची फ्रेंच कादंबरी. खोट्या आरोपात अडकवलेला दांतेस कैदेतून सुटतो, काउंट होऊन परत येतो आणि सूड घेतो. बाकी गोष्ट सांगत बसत नाही, २००२ चा सिनेमा बघूनच बरेच जण पुस्तकाकडे वळतात. मीही तलवारबाजीवर खूश होऊन ऑगस्टमध्ये ५९९ घातले. इंग्रजी अनुवाद, संपूर्ण, बाराशेच्या वर पानं. विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, परत करायची मुदत दहा दिवस, ती संपली. बाराशे पानं दहा दिवसांत कोण वाचतो, असं विचारलं. "आपली गैरसोय आम्ही समजू शकतो." चार मेल केले, चारही वेळा हेच वाक्य. दिलं सोडून.

गावभागात एक बाइंडरकाका आहेत, वह्या-दफ्तरं बांधतात. त्यांनी पुस्तक हातात घेऊन नुसतं वजन केलं. "हे एकात ऱ्हायचं न्हाई सर. तीन करू." साठ रुपये भाग. भोकं पाडून दोऱ्याची शिवण, वर निळं रेक्झिन. टिकायला दणकट, पण शिवणीने आतला समास खाल्ला, त्यामुळे पान सपाट उघडत नाही. एका हाताने दांडी धरून वाचायची सोय संपली. याचा राग अजून आहे.

आता मजकुराकडे. सिनेमातला फारिया कोठडीत तलवार शिकवतो. पुस्तकातला शिकवतो गणित, इतिहास आणि भाषा. मला आधी वाटलं, फसलो. पण हा म्हातारा माशाच्या डोक्यातल्या कुर्चेची लेखणी करतो, धुरांड्यातली काजळी वाइनमध्ये कालवून शाई करतो आणि दोन शर्टांवर अख्खा ग्रंथ लिहितो. ते वाचल्यावर तलवार विसरलो. शिवाय दांतेसला कुणी अडकवलं हे तो कोठडीत बसल्या बसल्या चार प्रश्नांत काढून देतो, आणि काढून दिल्याचा लगेच पश्चात्ताप करतो. पुस्तकात तो इटालियन आहे, पण नाव ज्याच्यावरून घेतलं तो आबे फारिया गोव्यातल्या कांदोळीचा, जन्म १७५६, संमोहनविद्येसाठी प्रसिद्ध. पणजीत त्याचा पुतळा आहे. कॉलेजच्या ट्रिपला त्या पुतळ्याखाली उभं राहून भडंग खाल्लेत आम्ही, कोण आहे याचा पत्ता नव्हता.

रोमच्या भागावर मी नोव्हेंबरमध्ये दोन स्टार लिहून ठेवले होते. नायक गायब. अचानक फ्रान्झ आणि आल्बेर नावाची दोन श्रीमंत पोरं, कार्निव्हल, दरोडेखोर, शंभरेक पानं नुसता फेरफटका. मूळ पुस्तक १८४४ ते ४६ मध्ये पॅरिसच्या वर्तमानपत्रात क्रमशः आलं होतं. म्हटलं, लेखकाने पानं भरलीयत. ते स्टार आज मागे घेतो. बांधल्यावर दुसरा भाग वजनाला हलका झाला, म्हणून तो बसमध्ये न्यायला लागलो आणि रोज एकच प्रकरण व्हायचं. तसं वाचलं की कळतं, काउंटला आपण मुद्दाम परक्याच्या नजरेने बघतोय, आणि तो आल्बेरवर उपकार करतो ते आल्बेरच्या बापाच्या घरात शिरायला, कारण दांतेसला अडकवणाऱ्यांतला एक तोच बाप. एका बैठकीत शंभर पानं ओढत होतो तेव्हा हे सुटलं होतं.

मी पतसंस्थेत काम करतो, म्हणून असेल, पण मला सगळ्यात आवडलेला प्रसंग मोरेलचा. दांतेसचा हा जुना मालक कर्जात बुडालाय. काउंट इंग्रज कारकुनाच्या वेषात येतो, त्याची देणी विकत घेतो, वर तीन महिन्यांची मुदतवाढ देतो. शेवटच्या दिवशी मोरेल पिस्तूल घेऊन बसलाय, आणि मुलगी लाल बटवा घेऊन धावत येते. आत २,८७,५०० फ्रँकची फेडल्याचा शेरा मारलेली हुंडी. मुदतवाढीचे अर्ज मी रोज बघतो. घसा दाटून यावा असा अर्ज एकही आठवत नाही. आणि शेवटी दांग्लारला, म्हणजे दांतेसला अडकवणाऱ्यांतल्या, पुढे बँकवाला झालेल्या माणसाला, दरोडेखोर डांबतात आणि एका कोंबडीचे एक लाख फ्रँक लावतात, तिथे मी बसमध्ये मोठ्याने हसलो. पैसेवाल्याला मारायची ही रीत तलवारीपेक्षा बरी.

सिनेमात शेवटी दांतेसला त्याची जुनी प्रेयसी मेर्सेदेस मिळते, पुस्तकात नाही, आणि आल्बेर इथे दांतेसचा मुलगाही नाही. सिनेमा बघितलेल्या बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, मग वाचू कशाला?

कथेला पाच, कागदाला तीन, गमला शून्य. एकूण ७७९ पडले.

एक चूक माझीच. टिपा सगळ्या पुस्तकाच्या शेवटी असतात, म्हणजे त्या तिसऱ्या भागात गेल्या. पहिल्या भागात नेपोलियनच्या राजकारणाला टीप लागली की टीप घरी कपाटात आणि मी मिरज स्टँडवर. असं बांधून घेणार असाल तर टिपांचा चौथा भाग वेगळा करायला सांगा. आणि कटिंग मशीनला लावू नका म्हणावं. माझ्या दुसऱ्या भागातले निम्मे पान नंबर त्यात गेले.