काट्याचं सॉफ्टवेअर वाइनवर: हंगामभर वापरल्यानंतर

धरणगाव-चोपडा पट्ट्यात कापसाच्या जिनिंगवर वजनकाट्याचं जुनं विंडोज सॉफ्टवेअर असेल (व्हीबी-६ म्हणजे व्हिज्युअल बेसिक ६ मधलं, डेटा मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसच्या एमडीबी फाइलमध्ये), तर ते उबुंटू या लिनक्सवर वाइनमधून चालतं. वाइन म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर. सुरुवातीला मात्र ते पुन्हा पुन्हा बंद पडणार, हे धरूनच चाला.

बंद पडलं की आयकॉनवर परत क्लिक करत बसू नका, टर्मिनलमधून (कमांड टाइप करायच्या खिडकीतून) चालवा. शेवटी ‘अनहँडल्ड पेज फॉल्ट’ आणि आकड्यांची रांग येते, ती नुसता पंचनामा. वर सरकून ‘इआरआर’ने (err) सुरू होणारी पहिली ओळ शोधा. तिथे डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी विंडोजची जोडफाइल) सापडत नाही असं असेल आणि कोड सी०००००१३५ असेल, तर काम सोपं. एमएसव्हीबीव्हीएम६० ही व्हीबी-६ ची डीएलएल नसेल तर वाइनट्रिक्समधून (वाइनमध्ये असे भाग बसवून देणारं साधन) ‘व्हीबी६रन’ टाका. एमडीबी उघडताना प्रोग्रॅम बंद पडत असेल तर ‘एमडॅक२८’ आणि ‘जेट४०’. कुठून तरी सुटी डीएलएल उतरवून सिस्टिम३२ मध्ये कोंबू नका. आवृत्ती जुळली नाही तर पुढे भलत्याच ठिकाणी क्रॅश येतो आणि मूळ कारण सापडत नाही.

ही सगळी मंडळी ३२-बिट. म्हणून प्रीफिक्स (वाइन ज्यात आपलं विंडोज मांडतं ते फोल्डर) तयार करतानाच वाइनआर्च ही सेटिंग ‘विन३२’ ठेवा, मागाहून ते बदलता येत नाही. वाइनच्या नव्या वॉव-६४ बांधणीत (३२-बिट प्रोग्रॅम ६४-बिट वाइनवरच चालवणाऱ्या) विन३२ प्रीफिक्स चालतच नाही, तेव्हा पॅकेज निवडताना बघून घ्या. बिलिंगच्या प्रोग्रॅमला डॉटनेट (मायक्रोसॉफ्टचा आणखी एक आधारभाग) लागत असेल तर त्याचा प्रीफिक्स वेगळा. एकाच प्रीफिक्समध्ये दोन्ही घातले की आज बिल बंद, उद्या काटा.

खरा वेळ खातो तो पोर्ट. काट्याचा इंडिकेटर (वजन दाखवणारा डबा) यूएसबी-सिरीयल केबलने जोडला की लिनक्सला तो टीटीवाययूएसबी० दिसतो, पण वाइन त्याला कॉम३३ असा नंबर देऊ शकतं. जुन्या प्रोग्रॅमच्या यादीत कॉम४ च्या पुढे काही नसतं. मग ‘पोर्ट ओपन’ दाबलं की खिडकी गायब! वापरकर्त्याला ‘डायलआउट’ गटात (सिरीयल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या) घाला, लॉगआउट करून परत या. नंतर वाइनच्या रेजएडिटमध्ये (रेजिस्ट्री म्हणजे सेटिंग्जची नोंदवही, ती बदलायचं साधन) एचकेएलएम, सॉफ्टवेअर, वाइन, पोर्ट्स इथे कॉम१ या नावाने टीटीवाययूएसबी० चा पूर्ण पत्ता लिहा आणि ‘वाइनसर्व्हर -के’ (चालू वाइन पूर्ण बंद करणारी कमांड) देऊन प्रोग्रॅम पुन्हा उघडा. ‘-के’ विसरलात तर बदल लागू होत नाही आणि तुम्ही केबलला दोष देत बसता.

लाइट जाऊन मशीन धाडकन बंद झालं तर रेजिस्ट्री बिघडू शकते. ती प्रीफिक्समधल्या सिस्टिम.रेग आणि युजर.रेग या साध्या मजकूर फाइलींत असते. रोज काटा बंद झाल्यावर अख्खा प्रीफिक्स कॉपी करून ठेवा, परत बसवायला दोन मिनिटं पुरतात. मे महिन्यात अख्खं मशीनच बंद पडत असेल तर वाइनला हात लावू नका, पंख्यातली सरकीची धूळ काढा.

सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल (परवान्याची किल्ली असलेली यूएसबी कांडी) लागत असेल आणि त्याचा ड्रायव्हर फक्त विंडोजचा असेल, तर नाद सोडा. विंडोजचे कर्नल ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये बसत नाहीत. त्या एका कामापुरतं विंडोजचं मशीन ठेवलेलं बरं.