राजारामपुरीतल्या इंग्रजी तपासणाऱ्या मॅडम: पानाला दीडशे, पण वसूल

आमचं कोल्हापुरात महाद्वार रोडला कोल्हापुरी चपलांचं दुकान. बाहेरदेशातनं चौकशा यायला लागल्या तसं इंग्रजी माहितीपत्रक करायचं ठरलं. भाच्यानं मोबाईलवरच्या कुठल्याशा अ‍ॅपकडनं मजकूर पाडून घेतला. छापण्याआधी कुणाच्या तरी नजरेखालनं जाऊ दे म्हणून राजारामपुरीतल्या एका निवृत्त प्राध्यापिका मॅडमकडं नेला. त्या घरीच हे काम करतात. पानाला दीडशे रुपये, रोख.

मॅडमनी पहिल्याच ओळीला लाल पेन लावलं. ‘आवर चप्पल्स थ्राइव्ह बाय कम्पॅरिझन.’ मला विचारलं, “यातनं म्हणायचंय काय तुम्हाला?” म्हटलं, रेक्झिनच्या शेजारी ठेवली की आमची उठून दिसते. “मग तसं लिहा की ओ!”

थ्राइव्ह म्हणजे जोमानं वाढणं, भरभराट होणं. पंचगंगेकाठचा ऊस थ्राइव्ह करतो, धंदा करतो. मांडणीवरची चप्पल नाही. इंग्रजीत मुरलेला प्रयोग आहे तो ‘सफर बाय कम्पॅरिझन’, म्हणजे दुसऱ्याशेजारी ठेवल्यावर फिकं पडणं. अ‍ॅपनं त्यातला ‘सफर’ उपटून तिथं ‘थ्राइव्ह’ लावला असणार, असा मॅडमचा अंदाज. उजवं ठरतं म्हणायचं तर ‘शाइन’ किंवा ‘गेन बाय कम्पॅरिझन’ चालतं, नाहीतर सरळ ‘कम्पेअर फेव्हरेबली विथ’. त्यातही एक मेख आहे. ‘बाय कम्पॅरिझन’ म्हटलं की शेजारची वाईट म्हणून ही बरी दिसते, असाही वास येतो. हे आपल्याला कोण सांगणार होतं?

‘बाय’ काढून ‘ऑन’ घातलं की मात्र वाक्य उभं राहतं. ‘थ्राइव्ह ऑन कम्पॅरिझन’, म्हणजे तुलना हेच आमचं खाद्य. करा किती करायची ती. भाच्याला हे लई आवडलं. मॅडमनी मथळ्यापुरती परवानगी दिली, आत नाही. आत ‘कम्पेअर टु’ होतं त्याचंही ‘विथ’ झालं. ‘टु’ उपमा द्यायला, ‘विथ’ शेजारी ठेवून फरक तपासायला. हल्ली खुद्द इंग्रजसुद्धा हे एवढं पाळत नाहीत म्हणे, पण मॅडम पाळतात.

मग त्यांनी पायातली चप्पल काढून दाखवायला लावली. टाचेला खिळा नाही, चामड्याच्या वादीची शिवण. पट्ट्यावर वेणी, वर गोंडा. चामडं कशानं कमावता? बाभळीची साल आणि हिरडा. हे सगळं इंग्रजीत आलं आणि विशेषणांचा ढीग गेला. ‘फक्त कोल्हापुरात बनते’ ही ओळपण उडाली. 2019 चं जीआय मानांकन, म्हणजे वस्तू मूळ कुठल्या भागातली ते सांगणारी सरकारी नोंद, महाराष्ट्रातल्या 4 आणि कर्नाटकातल्या 4 जिल्ह्यांना मिळून आहे. ते मॅडमना ठाऊक होतं, अ‍ॅपला नव्हतं. आमच्या गल्लीत काहींना ओळ काढलेली रुचणार नाही, पण खरं ते खरं.

आता तक्रारी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं बघत नाहीत, कागदच लागतो. दुरुस्त्या हातानं आणि अक्षर मुंगीएवढं. टाइप करणाऱ्या पोराला शेजारी बसून वाचून दाखवावं लागलं. दोन दिवसांत देतो म्हणून आठवडा लावला. पक्कं बिल मिळत नाही. गाडी लावायला जागा शोधण्यात जीव जातो, तो वेगळाच.

घाई असेल तर जाऊ नका. जाणार असाल तर मजकूर मोठ्या टायपात, ओळींमध्ये जागा सोडून न्या आणि विकायची वस्तू हाताशी ठेवा. संध्याकाळी पाचनंतर भेटतात. पोरांचे नोकरीचे अर्ज घेत नाहीत, आधीच सांगतो.